उजवा दाणा

कुंडलिक आबा ज्ञानेश्वरच्या मोटरसायकलवरून उतरले तेव्हाच साळुबाईला कळलं, की गडी तयारीनं आलाय. ऐन वैशाखात आबांच्या डोक्याला मफलर होता. मफलर बांधून आबा दोनच ठिकाणी जात, पंचायतीला आणि मयतीला.

‘कुठाय त्यो?’ ओटीची पायरी चढतच त्यांनी विचारलं.

‘कोन? पास्टर का हे?’ साळुबाईनं थोरल्या दिरासमोर पदर सारखा केला.

‘आधी आपला दाखव.’

आपला ओटीवरच घोंगडीवर बसून घायपाताचा दोर वळत होता. हौशीरामनं मान वर करून ‘या आबा’ म्हटलं आणि दोराला आणखी एक पीळ दिला. शिमग्यात जुन्नरच्या दवाखान्यातून घरी आल्यापासून तो असाच झाला होता. समोरचा भांडायला आला तरी ‘या’ म्हणायचा. शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत पास्टर अमृत बसले होते. जुन्नरच्या पेठेत त्यांचं फ्लेक्स छापायचं दुकान होतं. आठवडाभर ते गावोगावच्या भावी सरपंचांचे वाढदिवस छापत आणि रविवारी उपदेश करत. दवाखान्यात हौशीरामच्या शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यासाठी प्रार्थना करायला ते यायचे, तिथं हौशीरामनं त्यांना गाठलं होतं. पास्टरांनी हौशीरामला गाठलं असं मढ गावात बोलत होते, पण ते खरं नव्हतं.

रविवारी हौशीराम बाप्तिस्मा घेणार होता, आणि तो घेऊ द्यायचा का नाही हे ठरवायला आजची बैठक होती. निदान आबांना आणि ज्ञानेश्वरला तसं सांगून बोलावलं होतं. बोलावणारी साळुबाई होती, आणि तिचं येशूशी काही वाकडं नव्हतं. नवरा पाण्यात उतरतोय तर उतरू दे, अंघोळ तरी होईल, असं तिचं मत होतं. तिची हरकत पाण्याच्या आधी जे व्हायचं होतं त्याला होती.

परवा ती म्हशीखाली बसली असताना हौशीराम गोठ्याच्या दारात येऊन उभा राहिला होता.

‘पास्टर म्हनले, पान्यात उतरायच्या आधी ज्याचं वाईट केलं त्याला तोंडानं सांगावं. मी भागूला सांगनार हाय.’

साळुबाईनं धार पुरी काढली. अर्ध्यात सोडली तर म्हैस दुसऱ्या दिवशी जवळ उभं करत नाही.

‘काय सांगनार?’

‘कौलाचं.’

हौशीराम भैरोबाचा कौल लावायचा. गावाच्या वरच्या अंगाला कड्याखाली शेंदूर फासलेला दगड आहे, तोच भैरोबा. त्याच्या छातीवर दोन ओले तांदूळ चिकटवायचे, प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची, हा मान या घराकडं पिढ्यानपिढ्या चालत आलेला. उजवा दाणा आधी पडला तर होकार, डावा पडला तर नकार. म्हैस घ्यावी का, विहीर खणावी का, पोरगी द्यावी का, सगळं तिथंच ठरायचं. भागू ही हौशीरामची पाठची बहीण. तिला महाळुंगे पडवळचं स्थळ आलं तेव्हाही तांदूळ लावले होते. पोरगा आपल्यातलाच, तिकडं बागायतीत कामाला, सुपारीचंसुद्धा व्यसन नसलेला. भागूला तो पसंत होता आणि ते तिनं लपवलंही नव्हतं. पण त्या साली साळुबाईची सासू, म्हणजे भागूची आई, अर्धांगानं अंथरुणाला खिळलेली, ज्ञानेश्वर पाळण्यात, आणि पुढं भाताची आवणी. भागू गेली तर म्हातारीचं करणार कोण आणि चिखलात वाकणार कोण? कुंडलिक आणि हौशीराम या दोघा भावांनी ठरवलं, यंदा राहू दे, पुढच्या साली देऊ. तसं तोंडावर सांगितलं असतं तर भागू रडली असती आणि पाहुणे रुसले असते. भैरोबावर कोण रुसणार? म्हणून हौशीरामनं उजव्या दाण्याला खळ लावली. वरईच्या पिठाची घट्ट पांढरी खळ, साळुबाईनं चुलीवर शिजवून दिलेली.

डावा दाणा पडला. उजवा चार दिवसांनीसुद्धा तिथंच होता.

चूक एवढीच झाली, की देवाला ‘यंदा’ म्हणून विचारायचं राहिलं. पाहुण्यांसमोर नेहमीच्या सवयीनं ‘पोरगी देऊ का नको’ एवढंच विचारलं गेलं, आणि देवाच्या नकाराला मुदत नसते. महाळुंग्याच्या लोकांनी त्याच उन्हाळ्यात दुसरीकडं सोयरीक केली. पुढच्या साली भाऊ स्थळं बघायला निघाले तर जो तो म्हणायचा, हिला भैरोबानं नाही म्हटलंय ना, मग कशाला उगं. पुढं पुढं विचारणंही थांबलं. भागू घरातच राहिली. तिनं आईचं केलं, ज्ञानेश्वरला वाढवलं, आणि आता ज्ञानेश्वरच्या लेकीच्या, आरोहीच्या वेण्या घालत होती. भैरोबाला मात्र ती त्या दिवसापासून गेली नाही. जत्रेला सगळं गाव वर चढायचं तेव्हा ती खाली भांडी घासत बसायची, आणि भांडी जरा जोरात घासायची.

‘मला वाटलं व्हतं भैरोबा जीभ वढील,’ हौशीराम गोठ्यात म्हणाला होता. ‘न्हाईतर पाय तरी मोडील. कायबी झालं न्हाई, साळू. इतकी वर्सं वाट बघतोय. भात बी चांगलं पिकलं. पास्टर म्हनले, तुझी शिक्षा येशूनं भोगली, तू इस्वास ठेव. त्या दिशी मला झोप लागली.’

‘मंग झोपा की गप. तिची कशाला मोडताय?’

‘तुझं नाव न्हाई घेनार मी.’

साळुबाईला नावाची नव्हे, भागूची काळजी होती. या घरात नांदायला आल्यापासून तिच्याबरोबर एका खाचरात वाकणारं, एका ताटात जेवणारं आणि तिच्याच नवऱ्याच्या नावानं तिच्याबरोबर बोटं मोडणारं माणूस एकच होतं. हौशीरामशी ती कामापुरतं बोलायची. भागूशी तिचं बोलणं आजवर संपलं नव्हतं. भागूला कळलं तर ते संपणार होतं, आणि त्याची साळुबाईला पोटातून भीती वाटत होती. म्हणून तिनं भागूला डोळे तपासायला सकाळच्या एसटीनं जुन्नरला धाडलं आणि ज्ञानेश्वरला फोन करून सांगितलं, आबांना घेऊन ये, तुझा बाप बाटतोय.

‘हां, तर पास्टर,’ आबांनी भिंतीला पाठ टेकली, ‘तुमी आमचा मानूस घेऊन चालला.’

‘मी नेत नाही आबा. ते येतायत.’

‘तेच ते. भैरोबाचा कौल कोन लावनार?’

‘ज्याला लावायचा त्यानं लावावा,’ हौशीराम म्हणाला.

‘तुला कुनी इचारलं? आन मेल्यावर रं? जाळायचं का पुरायचं? पुरायचं तर कुटं? तुझ्या वाटनीत निस्ता खडक हाय.’

‘त्याला अजून वेळ आहे,’ पास्टर म्हणाले.

‘तुमाला काय ठावं, येळ हाय का न्हाई?’

पास्टरांनी मान हलवून ते कबूल केलं.

ज्ञानेश्वर जुन्नरला ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये होता. घरातही तो गिऱ्हाइकाशी बोलावं तसं बोलायचा. ‘पास्टर, क्लिअर सांगा. यात तुमचा फायदा काय?’

पास्टरांनी विचार केला. ‘आत्तापर्यंत चहा मिळाला. गुळाचा होता. चांगला होता.’

‘बाबा, तुमच्यावर कुणी प्रेशर टाकलंय का?’

‘हां,’ हौशीराम म्हणाला.

सगळे सावरून बसले. ‘कुनी?’ आबांनी काठी जवळ ओढली.

‘माझ्याच मनानं.’

आबांनी काठी पुन्हा लांब ठेवली. ज्ञानेश्वरनं मोहिनीच्या माहेरी आता काय सांगायचं तो प्रश्न काढला. मोहिनी त्याची बायको, आणि तिच्या माहेरची माणसं सगळ्याच बाबतीत विचारणा करणारी. तेवढ्यात आबांना भलतंच कुतूहल वाटलं.

‘आन तुमच्यात करत्यात काय ह्या बाप्तिस्म्यात?’

‘आधी पश्चात्ताप, मग विश्वास, मग पाणी,’ पास्टर म्हणाले. ‘लोकांना फक्त पाणी दिसतं, म्हणून सगळी भांडणं पाण्यावरनं होतात. खरं तर पाणी सगळ्यात सोपं. कुणालाही भिजवता येतं.’

‘पश्चात्ताप म्हंजी? कान धरायचं?’

‘ज्याचं वाईट केलं त्याच्यासमोर उभं राहायचं. आणि परत त्या वाटेला जायचं नाही.’

‘त्यात काय एवढं? त्यो आमच्यातबी चालतो,’ आबा म्हणाले. ते अजून निर्धास्त होते.

साळुबाई दाराआडून पुढं झाली. ‘आबा, जरा म्हशीकडं बघता का? कासंला सूज वाटती.’

जनावराचं म्हटल्यावर आबा लगेच उठले. गोठ्यात गेल्यावर साळुबाईनं कासेबद्दल काही न बोलता सरळ सांगून टाकलं. ‘हे भागू वन्संला कौलाचं सांगनार हायेत. आजच.’

आबांनी वाकून म्हशीच्या कासेकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. कास चांगली होती. मग त्यांनी डोक्याचा मफलर सोडला.

‘कुनाकुनाची नावं घेनार?’

‘सोताचंच घेनार म्हनत्यात.’

‘त्याचं आलं की माझं आलंच. भागू काय खुळी हाय व्हय?’ आबांचा आवाज एकदम म्हातारा झाला. ‘दर भाऊबिजेला ती मला ओवाळती, साळुबाई. एक साल चुकली न्हाई. मी आजारी पडलो तवा एसटीनं माझ्या घरी आली, पन आली.’

‘म्हनून तर तुमाला बोलीवलं.’

‘मंग फोनवरच सांगायचं. मी उगं मेल्यावर पुरायचं का काय इचारत बसलो.’

ओटीवर परत येऊन आबा बसले, आणि मफलर मांडीवर घेऊन म्हणाले, ‘पास्टर, मी इचार केला. माझी काय हरकत न्हाई.’

ज्ञानेश्वर चक्रावला. ‘आबा, आत्ता तर तुमी...’

‘आत्ता म्हंजी मघाशी. मानसाला आपापल्या देवाचं स्वातंत्र्य हाय. घटनेत लिवलंय. बुडवा तुमी त्याला, पास्टर. एकदा सोडून दोनदा बुडवा. फकस्त त्ये बोलायचं काढू नका.’

‘कसलं बोलायचं?’ ज्ञानेश्वरनं विचारलं.

‘तू गप. तू तवा पाळन्यात व्हता.’

‘काय बोलायचंय ते मलाही माहीत नाही,’ पास्टर म्हणाले. ‘त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.’

‘मंग झालं तर. मनातल्या मनात करू द्या पश्चात्ताप. देवाला ऐकू जातं ना?’

‘जातं.’

‘मंग?’

‘देवाला आधीपासनंच माहीत असतं आबा. ज्याला माहीत नाही त्याला सांगायचं असतं.’

आबांनी साळुबाईकडं पाहिलं. आता तिनं काहीतरी बोलायला हवं होतं. पदर दातात धरून बोलायची तिची सवय, पण आज तिनं तो सोडला.

‘पास्टर, मी अडानी बाई. पन एक सांगा. सांगनाऱ्याच्या डोक्यावरचं वझं उतरलं, बरं झालं. त्ये ऐकनाऱ्याच्या डोक्यावर गेलं, त्याचं काय? त्या मानसानं काय केलं व्हतं?’

पास्टर खुर्चीत पुढं सरकले. ओटीवर आज पहिल्यांदाच कुणीतरी खरा प्रश्न विचारला होता. ‘हे बरोबर आहे, वहिनी,’ ते शेवटी म्हणाले. ‘याचं उत्तर मला येत नाही.’

साळुबाईला वाटलं, जमलं. हौशीरामच्या हातातला दोरही थांबला होता. पास्टरांनाच येत नाही म्हटल्यावर तो कशाला हट्ट धरेल? तेवढ्यात ज्ञानेश्वरला, ज्याला यातलं काहीच कळत नव्हतं, वातावरण हलकं करावंसं वाटलं.

‘बरं, रविवारी आहे कुठं हे? धरणाचं पाणी पार आत गेलंय. काठाला गुडघाभर गाळ आहे.’

‘धरणात नाही,’ पास्टर म्हणाले. ‘आमच्या मंडळीतल्या एका भावाचं शेततळं आहे. प्लास्टिकचा कागद घातलेलं, छातीभर पाणी. उतरायला शिडीपण आहे. महाळुंगे पडवळला.’

या घरात त्या गावाचं नाव कुणी घेत नसे. तिकडच्या कांद्याचा भाव सांगायचा तरी ‘मंचरकडं’ म्हणत. आबा खालमानेनं मफलरची घडी घालायला लागले.

‘दुसरं तळं न्हाई का?’ त्यांनी विचारलं.

‘असेल, पण शिडी नाही.’

खाली फाट्यावर एसटीचा हॉर्न वाजला. दुपारची गाडी एरवी दिवस कलल्यावर येते. आज ती वेळेवर आली, आणि थोड्याच वेळात भागू पिशवी सांभाळत, डोळे बारीक करून अंगणात उभी राहिली.

‘डोळ्यात औषध घातलंया,’ ती म्हणाली. ‘समदं धुरकाट दिसतंय. चष्मा पुढल्या आठवड्यात मिळनार. कोन, आबा का? मफलर हातात कशापायी? आन ह्ये खुर्चीत कोन?’

‘मी अमृत, ताई. पास्टर.’

‘बसा की मंग. वैनी, चा दिला का न्हाई ह्यान्ला?’

हौशीराम उठून उभा राहिला. दोर त्याच्या पायाशी उलगडत गेला. साळुबाईनं त्याच्याकडं बघून मान हलवली, नको म्हणून. त्यानं ती पाहिली आणि मग भागूकडं वळला.

‘भागू, बस जरा.’

‘का? कोन गेलं?’

‘कोन न्हाई. म्हाळुंग्याच्या स्थळाला भैरोबानं न्हाई म्हनलं न्हवतं. मी उजव्या दान्याला खळ लावली व्हती.’

भागू उभीच राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण ते अंगणात आल्यापासूनच येत होतं, औषधाचं. तिनं ते पदरानं टिपलं.

‘खळ?’

‘वरईची.’

‘कुनी शिजवली?’

‘मीच.’

भागू त्याच्या आवाजाच्या दिशेनं बघत राहिली. ‘कशापायी?’

‘आईचं करायला कोन न्हवतं. आवणी व्हती. म्हनलं यंदा ऱ्हाऊ दे, फुडल्या साली देऊ.’

‘मंग मला इचारायचं,’ भागू म्हणाली. ‘मी थांबले असते. वरीसभर थांबायला काय लागतं? त्योबी थांबला असता.’

हे इतक्या वर्षांत एकाही भावाच्या डोक्यात आलं नव्हतं. साळुबाईच्याही नाही. देवाला फसवायची युक्ती तिघांना सुचली, आणि पोरीला विचारावं हे तिघांपैकी कुणालाच सुचलं नाही. साळुबाईनं दाराची चौकट धरली.

‘भागू,’ आबा बसल्या जागेवरून म्हणाले, ‘मीबी व्हतो त्यात. माझाच सल्ला व्हता.’ एवढं बोलून त्यांनी मफलर तोंडावर धरला.

ज्ञानेश्वर जमिनीकडं बघत होता. आपण तेव्हा पाळण्यात होतो, म्हणजे नेमकं काय, ते त्याला आता कळलं होतं. आता फक्त साळुबाईचं राहिलं होतं. तिनं तोंड उघडलं, आणि चहाचं आधण ठेवायला आत जावं का, असा विचार करून मिटलं.

‘म्हंजी,’ भागू सावकाश म्हणाली, ‘भैरोबा काय बोललाच न्हाई.’

‘न्हाई.’

‘तुमी त्याला बोलूच दिलं न्हाई.’

‘न्हाई,’ हौशीराम म्हणाला, आणि रडायला लागला. साठी उलटलेला माणूस, परक्या पाहुण्यासमोर, नाक वाहेपर्यंत रडला. कुणी त्याला गप्प केलं नाही.

भागूनं पिशवी खाली ठेवली. ‘नारळ हाय का घरात?’

‘नारळ कशाला आत्या?’ ज्ञानेश्वरनं विचारलं.

‘माफी मागायला. इतकी वर्सं बिचाऱ्यावर आळ घेतला मी. रोज उठून शिव्या घातल्या. जत्रेला गेले न्हाई. म्हनलं, मी काय तुझं घोडं मारलं व्हतं, मलाच का न्हाई म्हनला? आन त्यो गप. तोंडावर खळ लावल्यावर काय बोलनार?’

पश्चात्ताप झालेली माणसं जुना देव सोडून आलेली पास्टर अमृतांनी पाहिली होती. एकाच्या पश्चात्तापानं दुसरं माणूस जुन्या देवाकडं परत निघालेलं ते पहिल्यांदाच पाहत होते. त्यांनी खुर्चीवरून उठून हात जोडले, भागूला का भैरोबाला हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

‘आन मला?’ हौशीरामनं बाहीला नाक पुसलं. ‘मला माफ करशील का?’

‘तुझा येशू करनार हाय ना?’

‘हां.’

‘मंग त्याला करू दे. त्यो मोठा हाय. मी अजून न्हाई केलं.’

‘मंग रविवारी मी जाऊ का नको?’

‘जा की. इतकं बोलायला तुला जल्म लागला, आता माघारी कशाला फिरतो? कुटं हाय त्ये?’

शेवटी पास्टरांनीच सांगितलं, अगदी हळू. भागूनं ऐकलं, आणि पुन्हा एकदा डोळे टिपले.

‘मी बी येनार,’ ती म्हणाली. ‘तेवढंच गाव बघून व्हईल. चष्मा मिळाला असता तोवर तर बरं झालं असतं.’ मग तिनं दाराकडं हात पुढं केला. ‘वैनी, मला वाट दिसायची न्हाई. तू चल संगं.’

वरची वाट करवंदीच्या जाळ्यांमधून चढत जाते. भागूनं साळुबाईचा दंड धरला होता. साळुबाई पुढं बघून ‘दगड हाय, पाय उचला’ म्हणायची, ‘काटा हाय, हिकडनं या’ म्हणायची. याखेरीज ती काही बोलली नाही. हौशीरामनं शब्द पाळला होता. तिचं नाव निघालं नव्हतं, आता निघणारही नव्हतं. भागू दोघा भावांवर रागावेल, वर्षभर रागावेल, आणि त्या रागात साळुबाईला सोबतीला घेईल. दोघी मिळून बोटं मोडतील. साळुबाईला जे हवं होतं ते सगळं तसंच राहणार होतं. एवढं असूनही तिला पावलापावलाला धाप लागत होती, आणि चढ काही नवा नव्हता.

भैरोबापाशी कुणी नव्हतं. भागूनं हातानं चाचपून दगड शोधला, पुढची पालापाचोळ्याची जागा झाडली आणि मांडी घालून बसली.

‘देवा, मी भागू,’ ती म्हणाली. ‘वळखलं का? लई बोलले तुला. चुकलं माझं. तुझा काय दोष न्हवता. तू काय म्हननार व्हता त्ये आता इचारत न्हाई, आता काय उपेग. पन मी तुला वाईट ठरीवलं, तेवढं पोटात घाल.’

तिनं नारळ फोडला. पाणी दगडावरून ओघळलं. साळुबाई तिच्यामागं उभी होती, आणि भैरोबाच्या छातीवर उजव्या अंगाला नजर जाऊ नये म्हणून शेजारच्या कड्याकडं बघत होती. कड्यावरही तिचं मन लागेना.

‘वन्सं,’ ती म्हणाली, ‘खळ मी शिजवली व्हती.’

भागूनं मान वळवली नाही. ‘ठावं हाय.’

‘कवापासनं?’

‘मघाधरनं. दादानं जल्मात चुलीला हात लावलाय का? त्यो म्हनला मी शिजवली, तवाच कळलं. वर येस्तवर वाट बघत व्हते, आता बोलशील, मंग बोलशील. तुझं आपलं, दगड हाय न् काटा हाय.’

साळुबाई खाली बसली. सांगितल्यावर हलकं वाटतं असं हौशीराम म्हणाला होता. तिला तसं काही वाटलं नाही.

‘माफ करा मला.’

भागूनं करवंटीतलं खोबरं बोटानं चाचपून पाहिलं. ‘दादाला पानी हाय,’ ती म्हणाली. ‘मला ह्यो दगड हाय. तुला काय हाय, वैनी?’

साळुबाईनं खरंच विचार केला. येशूची आणि तिची ओळख नव्हती. भैरोबाकडं बघायची तिची छाती नव्हती.

‘मला तुमीच हाये,’ ती म्हणाली.

‘मंग तुला लई दिस लागतील,’ भागू म्हणाली, आणि नारळाची एक वाटी तिच्या हातावर ठेवून, तिचा दंड न धरता, पायानं वाट चाचपत एकटीच उतरायला लागली.